चवथीपासून नाताळापर्यंत: गोव्यात भाड्याची घरं सांभाळायला नव्यानं आलेल्यांसाठी

सावंतवाडी, दोडामार्ग, पेडणे, डिचोली या पट्ट्यातली बरीच मुलंमुली हल्ली उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात व्हिला सांभाळायच्या कामात येताहेत. कुणाकडे हॉटेल मॅनेजमेंटची पदविका असते, कुणी आधी केअरटेकर होतं आणि मालकानं हळूहळू सगळंच त्याच्या गळ्यात घातलं. मालक मुंबईत, दिल्लीत नाहीतर बंगळुरूला. घरं आसगाव, शिवोली, हणजूण, कांदोळीत, किंवा पूल ओलांडून मोरजी-आश्व्याला. पावसाळ्यात काम हाती घेतलं की वाटतं, यात काय एवढं? मग वीस डिसेंबर उजाडतो.

ज्यांचा पहिला डिसेंबर अजून यायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. सगळ्याच्या मागे एक गोष्ट आहे: गर्दीच्या दिवसांत निर्णय घ्यायला सवडच मिळत नाही. डोकं थकलेलं असतं, फोन वाजत असतो, समोर आठ माणसं बॅगा घेऊन उभी असतात. अशा वेळी घेतलेला निर्णय महाग पडतो. म्हणून जे ठरवायचं ते चवथ (गणेशचतुर्थी) ते दिवाळीच्या दरम्यान ठरवून, लिहून मोकळं व्हायचं. डिसेंबरात फक्त ठरलेलं करायचं.

आधी वर्षाची मांडणी करा

गोव्याचा सीझन ऑक्टोबर ते मार्च असं सगळे सांगतात. तुमच्यासाठी तो एक सलग सीझन नसतो, चार-पाच वेगवेगळे लोंढे असतात आणि प्रत्येकाचं दुखणं निराळं. दिवाळीच्या आठवड्यात गुजरात-महाराष्ट्रातली कुटुंबं येतात. नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे पणजी, मिरामार, दोनापावला भरतं. हा महोत्सव २००४ पासून पणजीत होतो, त्यामुळे तिथली घरं सांभाळणाऱ्यांना तारखा आधी कळतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा सण. मग २० डिसेंबर ते ४ जानेवारी हा खरा डोंगर. पुढे २६ जानेवारीची जोडसुट्टी, कार्निव्हल, शिगमो (गोव्याचा शिमगा).

एप्रिल-मे विसरू नका. शाळांना सुट्ट्या लागल्या की पुण्या-मुंबईची दहा-दहा माणसं एका घरात उतरतात, चोवीस तास एसी चालतात आणि नेमकं तेव्हाच नळाला पाणी कमी असतं. पावसाळ्यातही १५ ऑगस्टच्या आसपास घर भरतं, पण तेव्हाचं दुखणं गळकं छप्पर आणि भिंतीवरची बुरशी. एका कागदावर बारा महिने मांडा आणि प्रत्येक लोंढ्यापुढे त्याचं मुख्य दुखणं लिहा. मे म्हणजे पाणी, ऑगस्ट म्हणजे ओल, डिसेंबर म्हणजे माणसं आणि रस्ते.

मालकाशी बोलणी: सप्टेंबरातच

मालक चांगला असो वा तापट, ३१ डिसेंबरच्या रात्री एक वाजता तो फोन उचलणार नाही. म्हणून काही गोष्टी आधीच लेखी घ्या. व्हॉट्सॲपवरचा मेसेजही चालेल, पण लेखी.

न विचारता तुम्ही किती खर्च करू शकता? समजा ५,००० रुपये. रात्री पंप जळला तर प्लंबरला बोलावताना त्या आकड्यात बसतंय की नाही एवढंच बघायचं. पाहुण्याला पैसे परत द्यायची वेळ आली तर तुमच्या पातळीवर किती देता येतील? ठरल्यापेक्षा जास्त माणसं आली तर घ्यायची की नाही, घ्यायची तर माणशी किती? उशिरा चेक-आउट कुठवर आणि कितीला? कुत्रा चालेल का? अंगणात डीजे चालेल का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच मिळवा.

दुसरा मुद्दा मालकाच्या गोतावळ्याचा. ज्या तारखा तुम्ही दोन बुकिंग पोर्टलवर आणि एका एजंटाकडे टाकल्या आहेत, नेमक्या त्याच मालकानं मेहुण्याला कबूल केलेल्या असतात. मेहुणा विमानात बसल्यावर हे तुम्हाला कळतं. यावर उपाय एकच, सगळ्यांचं मिळून एक कॅलेंडर, आणि त्यात नोंद नाही ते बुकिंग नाही. हे मालकालाही लागू. पोर्टलची कॅलेंडरं आपोआप जुळतात खरी, पण मध्ये काही तासांचं अंतर पडू शकतं, आणि नाताळच्या तारखांना तेवढ्यात दुसरं बुकिंग येऊन बसतं. म्हणून थेट बुकिंग आलं की फोन ठेवायच्या आधी बाकी सगळीकडे त्या तारखा हातानं बंद करा.

तिसरा मुद्दा किमान मुक्कामाचा, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. नवखे मॅनेजर घर किती दिवस भरलंय ते मोजतात. तुम्ही मोजायचं ते पाहुणे किती वेळा बदलतात. २० डिसेंबर ते ४ जानेवारी या पंधरा रात्री आहेत. किमान दोन रात्रींची अट ठेवली तर एका घरात सात वेळा पाहुणे बदलू शकतात. पाच रात्रींची ठेवली तर तीन वेळा. तुमच्याकडे सहा घरं असतील तर बेचाळीस विरुद्ध अठरा. भाडं जवळजवळ तेवढंच येतं, पण चादरी, साफसफाई, किल्ल्या, भांडणं सगळं निम्म्याखाली. मालकाला हे आकडे मांडून दाखवा, बहुतेक जण ऐकतात. शिवाय सगळ्या घरांचे बदलाचे दिवस एकाच तारखेला येऊ देऊ नका. दोन घरं सोमवारी, दोन मंगळवारी अशी विभागणी बुकिंग घेतानाच करता येते, नंतर नाही.

कागदपत्रं

हे थोडक्यात. पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं घर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदलेलं हवं. नोंदणीची मुदत कधी संपते ते बघा. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात. त्यासाठी घराचं खातं आधी मंजूर होऊन मिळालेलं लागतं, त्यामुळे पहिला रशियन पाहुणा दारात आल्यावर धावपळ करू नका. भारतीय पाहुण्यांपैकी प्रत्येक प्रौढाचं ओळखपत्र घ्या, फक्त बुकिंग करणाऱ्याचं घेऊन चालत नाही. बाहेरून आलेले कामगार तुमच्या खोलीत राहत असतील तर त्यांची पोलीस ठाण्यात पडताळणी करून घ्या. स्वयंपाकघरात घरगुती लाल सिलिंडर व्यवसायासाठी वापरणं बेकायदा आहे, १९ किलोचा व्यावसायिक घ्या आणि एक भरलेला राखून ठेवा.

घर: पाणी, वीज, आणि जमिनीखालचं

पाण्याचा हिशोब करा. सुट्टीवर आलेला माणूस घरच्यापेक्षा जास्त पाणी वापरतो: समुद्रावरून आला की अंघोळ, स्विमिंग पूलमधून आला की अंघोळ, रात्री बाहेर जायच्या आधी अंघोळ. माणशी २०० लिटर धरा. आठ माणसांचे झाले दिवसाला १,६०० लिटर, पूल आणि बागेचं वेगळं. गच्चीवर २,००० लिटरची टाकी असेल तर एक दिवस नळ आला नाही की संध्याकाळी तळ दिसतो. बार्देशला अस्नोड्याच्या प्रकल्पातून पाणी येतं, त्याला तिळारीच्या कालव्याचा आधार. कालवा कुठे फुटला की अर्धा तालुका टँकरच्या मागे लागतो, आणि त्या दिवशी टँकरवाला ओळखीच्यांनाच आधी पाणी देतो. म्हणून ऑक्टोबरातच दोन टँकरवाल्यांशी ओळख करा, एकदा पाणी मागवून बघा, त्यांची गाडी तुमच्या वाड्यातल्या वळणावरून आत येते का तेही कळेल. जिथे विहीर आहे तिथे पंप दुरुस्त ठेवा आणि पाणी तपासून घ्या.

विजेचंही तसंच. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॉट ओढतो. चार खोल्यांचे सहा किलोवॉट. तीन गीझर दोन-दोन किलोवॉटचे, आणखी सहा. वर किटली, मायक्रोवेव्ह, पाण्याचा पंप. संध्याकाळी सात वाजता सगळे समुद्रावरून येतात आणि हे सगळं एकदम सुरू होतं. चौदाएक किलोवॉट झाले. घराचा मंजूर भार दहाचा असेल तर मेन पडणारच, आणि पाहुणा म्हणणार गोव्यात लाईट नाही. भार वाढवायचा अर्ज सप्टेंबरातच द्या. तोवर पंप दुपारी तीनला टायमरवर चालेल असं करा आणि गीझर अर्ध्या तासानं आपोआप बंद होतील असं बघा. इन्व्हर्टरवर दिवे, पंखे आणि वायफाय चालतात, एसी चालत नाहीत. हे पाहुण्यांना आधीच कळवलेलं बरं. जनरेटर असेल तर दर आठवड्याला दहा मिनिटं भारासकट चालवा. पावसाळाभर गप्प पडलेला जनरेटर नाताळच्या रात्री सुरू होईल या भरवशावर राहू नका.

एसी ऑक्टोबरात नीट धुऊन घ्या. खाऱ्या हवेनं बाहेरच्या युनिटची जाळी गंजते. समुद्रापासून जितकं जवळ तितकं लवकर. सीझनमध्ये फिल्टर पंधरा दिवसांनी केअरटेकरनंच धुवायचा.

सेप्टिक टँकबद्दल कुणी बोलत नाही. आठ माणसांच्या घरात बारा माणसं दहा दिवस राहिली की तो बोलतो. पाऊस ओसरला की उपसून घ्या. आणि प्रत्येक संडासात झाकणाचा डबा ठेवा, वर मराठी, हिंदी, इंग्रजीत एकच ओळ: टिश्यू, पॅड, वेट वाइप्स यात टाका. ही एक पाटी प्लंबरच्या दोन फेऱ्या वाचवते.

नारळाची झाडं अंगणात, गाडी लावायच्या जागेवर किंवा पूलवर झुकलेली असतील तर पाडेलीला (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला) बोलावून नारळ आणि सुकी चुडतं उतरवून घ्या. पाडेली आता फार कमी उरलेत, डिसेंबरात मिळणं कठीण. महिनाभर आधी वेळ मागा.

पूल असेल तर क्लोरिन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायचा. रोज दहा माणसं उतरत असतील तेव्हा सकाळ-संध्याकाळ तपासा. खोली फुटांत रंगवून लिहा. काचेचे ग्लास पूलजवळ अजिबात नाहीत, त्यासाठी ॲक्रिलिकचे घेऊन ठेवा. कारण एक ग्लास फुटला की पूल रिकामा करावा लागतो. आणि व्हिलाच्या पूलवर जीवरक्षक नसतो, हे पाहुण्यांना तोंडानं सांगा, विशेषतः लहान मुलं असतील तेव्हा. नुसत्या पाटीवर सोडू नका.

मे महिन्यात गोव्याची घरं पावसाळ्यासाठी पुरुमेंत भरतात, सुकी मासळी, सोलां, मिरची, सगळं डब्यांत. तुमचं पुरुमेंत नोव्हेंबरात. एका पेटीत नळाचे वॉशर, फ्लशच्या टाकीचा व्हॉल्व्ह, हेल्थ फॉसेटची नळी, पंख्याचा आणि एसीचा कपॅसिटर, दोन एमसीबी (भार वाढला की पडणारे विजेचे स्विच), एलईडी दिवे, गॅसचा रेग्युलेटर, दाराची कडी, सेल, एसीचा जादा रिमोट. म्हापशात हे सगळं मिळतं, फक्त शुक्रवारी बाजाराच्या दिवशी जाऊ नका. वस्तू मिळेल, पार्किंग मिळणार नाही. दोन गावांत घरं असतील तर दोन पेट्या करा. ३० डिसेंबरला एक वॉशर शिवोलीहून कांदोळीला न्यायला सकाळ जाते.

माणसं

रजांचं कॅलेंडर घरांच्या कॅलेंडरइतकंच जपा. चवथीला हिंदू घरांतलं कुणी कामावर येणार नाही. दोन दिवसांची रजा मागितली तरी चार धरा. माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीचं) सामान जमवण्यापासून विसर्जनापर्यंत घरात हात लागतात. नाताळात २४ च्या मध्यरात्रीचं मिस (चर्चमधली प्रार्थना) आणि २५ तारीख ख्रिश्चन कामगारांची. यातूनच तोड निघते, आणि गोव्यात ती जुनीच आहे: चवथीला आंतोनेत काकी घर सांभाळतात, नाताळाला पेडण्याची पोरं. हे तुम्ही ठरवू नका, त्यांनाच बसवून ठरवू द्या. त्यांनी आपसांत कबूल केलेलं मोडत नाही, तुम्ही लादलेलं मोडतं. मे महिन्याच्या सुमारास शिरगावच्या लईराईची जत्रा येते. तुमच्याकडे कुणी धोंड, म्हणजे देवीचा व्रत धरणारा भक्त, असेल तर जत्रेआधीचे काही दिवस तो सोवळ्यात असतो. त्याला मांसाहारी पाहुण्यांच्या स्वयंपाकघरात उभं करायचा प्रश्नच येत नाही. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेच्या रात्रीही अर्धा स्टाफ तिकडे असणार, तारीख बघून ठेवा.

जादा माणसं १५ डिसेंबरला शोधू नका, तेव्हा चांगली माणसं हॉटेलांनी उचललेली असतात. नोव्हेंबरातच दोघं-तिघं घ्या आणि छोट्या कामांवर जुन्यांबरोबर फिरवा.

गर्दीच्या दिवसांत स्टाफचं जेवण तुमच्याकडून असू द्या. ‘मग खाऊ’ म्हणत दुपारी चारपर्यंत उपाशी राहिलेली काकी पाचव्या दिवशी येत नाही, आणि तिचं बरोबर आहे. रात्री नऊनंतर थांबलेल्या बायकांना घरी सोडायची व्यवस्था करा, रिक्षाचे पैसे हातात देऊन भागवू नका. आठवड्याची सुट्टी नाताळातही द्या, फक्त दिवस बदला. तुमची स्वतःचीही. दोन तास तरी फोन दुसऱ्याकडे देऊन झोपा.

चादरी, आणि अकरा ते दोन

या धंद्यातली खरी कसोटी या तीन तासांत लागते. पाहुणे अकराला निघतात, नवे दोनला येतात, आणि येणारे साडेबारालाच फाटकात उभे राहतात.

चादरींपासून सुरू करू. एका पलंगाला एरवी तीन जोड पुरतात: एक अंथरलेला, एक लाँड्रीत, एक कपाटात. नाताळात चार लागतात, कारण लाँड्री वेळेवर परत येत नाही. देताना मोजून, लिहून, सही घेऊन द्या. एकाच लाँड्रीवर विसंबू नका; दुसऱ्याला ऑक्टोबरपासून थोडं थोडं काम देत राहा, म्हणजे डिसेंबरात तो तुम्हाला ओळखेल. समुद्रासाठी गडद निळे किंवा राखाडी टॉवेल वेगळे ठेवा आणि पांढरे समुद्रावर नेऊ नका असं सांगा. मेकअप पुसायला बाथरूममध्ये एक काळा छोटा टॉवेल ठेवा, लिपस्टिकचे पांढऱ्यावरचे डाग जात नाहीत. फाटकाजवळ पाय धुवायचा नळ असेल तर वाळू आत येत नाही आणि बाथरूमच्या नाळी तुंबत नाहीत. हा नळ बसवायचा खर्च किरकोळ आहे, पण मालकांना तो पटवायला मात्र वर्षं लागतात.

आता क्रम. आदल्या रात्री निघणाऱ्यांना मेसेज: उद्या किती वाजता निघताय, टॅक्सी ठरलीय का? सकाळी साडेदहाला तुम्ही किंवा तुमचा माणूस तिथे. ते निघताना सगळ्या खोल्यांमधून मोबाईलवर एक सलग व्हिडिओ काढा, बोलत बोलत: हा टीव्ही, हा मिक्सर, ही खुर्ची. नव्यांना किल्ली देण्याआधी पुन्हा एकदा. अनामत रकमेवरून होणारे बहुतेक वाद या दोन व्हिडिओंनी मिटतात.

पाहुणे निघाले की सगळ्या खिडक्या उघडा. पहिल्या पंधरा मिनिटांत सगळे पलंग उघडे करून चादरी थेट लाँड्रीच्या पोत्यात, कारण गाडी आली की थांबत नाही. मग फ्रिज आणि कचरा. कचरा ओला-सुका वेगळा. पंचायतीची गाडी ठरलेल्या दिवशीच सुका कचरा नेते आणि बाटल्यांचा ढीग चार दिवस अंगणात राहिला तर पाहुण्यांच्या फोटोत येतो. मग बाथरूम, बेडरूमच्या आधी, म्हणजे ते वाळायला वेळ मिळतो. मग पलंग, स्वयंपाकघर, आणि फरशी सर्वांत शेवटी, मागच्या खोलीपासून दाराकडे. तीन खोल्यांच्या घराला तीन माणसं लागतात. दोन असतील तर एक बाथरूममध्ये अडकतो आणि बाकी सगळं मागे पडतं.

सव्वा एकला तुम्ही स्वतः घरातून फिरा. प्रत्येक नळ सोडा, प्रत्येक फ्लश ओढा, गरम पाणी येतंय का हात लावून बघा, एसी थंड होतोय का, रिमोटमध्ये सेल आहेत का, वायफाय जोडून बघा. उशांचा वास घ्या. गाद्यांखाली, पलंगाखाली, ड्रॉवरमध्ये बघा. चार्जर आणि दागिने तिथेच राहतात.

लवकर आलेल्यांना आत घेऊ नका. बाल्कांवावर (दारापुढच्या ओसरीवर) बसवा, बॅगा तिथे ठेवायची जागा करा, थंड कोकम द्या. एकदा बॅग खोलीत गेली की मागोमाग माणूस जातो, माणूस गेला की बाथरूम वापरलं जातं, आणि साफसफाई पुन्हा पहिल्यापासून.

पाहुणे पोहोचायच्या आधी

फोनवर येणारे प्रश्न दरवर्षी तेच. त्यांची उत्तरं आधी लिहून ठेवा आणि बुकिंगच्या दुसऱ्या दिवशी, मग निघायच्या दोन दिवस आधी पाठवा.

पहिलं, विमानतळ कुठला ते विचारा. दाबोळी आणि मोपा हे दोन वेगळे. तिकिटावर दाबोळीला जीओआय आणि मोपाला जीओएक्स लिहिलेलं असतं. मोपावरून विमानं ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाली, तरी अजूनही माणसं टॅक्सी एका विमानतळावर बोलावतात आणि उतरतात दुसऱ्यावर. रेल्वेनं येणाऱ्याला बार्देशासाठी थिवी, पणजीसाठी करमळी, दक्षिणेला मडगाव.

दुसरं, रस्ता. मोबाईलचा नकाशा बऱ्याचदा शेताच्या बांधावर नेऊन सोडतो. मुख्य रस्त्यापासून शेवटच्या वळणापर्यंतचा एक मिनिटाचा व्हिडिओ करून ठेवा: हे कपेल (छोटं चर्च), इथून डावीकडे, हा पांढरा खुरीस (क्रूस), त्याच्या समोरचं लोखंडी फाटक. रात्री येणाऱ्यांसाठी तोच रस्ता रात्रीही चित्रित करा, दिवसाची झाडं रात्री ओळखू येत नाहीत.

तिसरं, भाड्याच्या दुचाक्या. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, खासगी पांढऱ्या पाटीची स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, हे लिहूनच पाठवा. पोलिसांनी अडवल्यावर पाहुणे फोन तुम्हालाच करतात.

चौथं, एक विचित्र प्रकार तुम्हाला नक्की भेटेल. एखादं कुटुंब सामानासकट फाटकात उभं राहील, हातात तुमच्या घराच्या फोटोंचं बुकिंग आणि पैसे भरल्याची पावती. फोटो कुणीतरी उचलून खोटी जाहिरात दिलेली असते. ते फसलेत, तुमच्यावर चिडतील, तुम्ही खरं बोलताय यावर विश्वासही ठेवणार नाहीत. वाद घालू नका. बसायला द्या, पाणी द्या, तुमचं नोंदणीपत्र दाखवा, १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर लगेच फोन करायला लावा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे अडवता येण्याची शक्यता असते. मग जवळच्या ज्या घरमालकाकडे खोली रिकामी असेल त्याचा नंबर द्या. अशी यादी शेजारच्या मॅनेजरांबरोबर ठेवली की ती तुमच्याही उपयोगी पडते.

एकतीस डिसेंबर

दिवाळी संपली की शेजाऱ्यांकडे जाऊन या, करंज्यांचा डबा घेऊन. तुमचा नंबर द्या आणि म्हणा, आवाज झाला तर आधी मला फोन करा. आसगावसारख्या गावात लोक या पाहुण्यांना कंटाळलेत, आणि ते चूक नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे. हा नियम चेक-इनच्या वेळीच वाचून दाखवा, साडेनऊला आठवण करा, आणि दहाला तुमचा माणूस घरावर असू दे. शेजाऱ्यानं तुम्हाला केलेला फोन स्वस्त, पोलिसांच्या ११२ ला केलेला महाग.

माणसं मोजा. दहा जणांच्या बुकिंगमागे तीस माणसं ‘फक्त केक कापायला’ येतात. फाटकावर एक रखवालदार आणि एक यादी. यादीत नाव नाही तर आत नाही, आणि हा नियम तुमचा आहे असं सांगू नका, मालकाचा म्हणा. त्यासाठीच तो सप्टेंबरात लिहून घेतला होता.

बागा, कळंगूट, हडफडे, वागातोर इकडचे रस्ते संध्याकाळनंतर गाडीनं विसरा. प्लंबर, इलेक्ट्रिशियन दोघांना त्या रात्रीपुरते घरांच्या जवळ राहायला सांगा, दुचाकीवर, आणि त्याचे वेगळे पैसे ठरवा. १०८ रुग्णवाहिका, ११२, गॅस गळतीसाठी १९०६ हे नंबर स्वयंपाकघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत. कुणाचा अपघात झाला तर कुठे न्यायचं, म्हापशाचं जिल्हा हॉस्पिटल की बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), हा निर्णय रुग्णवाहिकेवरच्या माणसांवर सोडा.

काही बिघडलंच तर आधी पाहुण्याला सांगा की तुम्हाला कळलंय आणि किती वेळ लागेल. खोटी वेळ सांगू नका. ‘पाच मिनिटांत’ म्हणून तासानं आलेला माणूस ‘तासात येतो’ म्हणून तासानं आलेल्यापेक्षा दुप्पट शिव्या खातो. एसी बंद पडला तर दुरुस्ती होईपर्यंत दुसऱ्या खोलीत गादी टाका, स्टँडचा पंखा द्या. पैसे परत देण्याचा विषय पाहुण्यानं काढायच्या आधी तुम्हीच काढलात तर रक्कम बहुधा कमी राहते. आणि ‘रिव्ह्यू बघतोच मी तुमचा’ अशी धमकी आली की बोलणं लेखी करा, तोंडी नको.

जानेवारी

४ तारखेला घरं रिकामी झाली की एक दिवस कुठलंही बुकिंग घेऊ नका, मालक कितीही म्हणाला तरी. त्या दिवशी प्रत्येक घरात फिरून काय तुटलं, काय हरवलं, काय गळतंय याची यादी करा. पंधरा दिवसांनी त्यातलं निम्मं आठवणार नाही. त्याच दिवशी स्टाफला बसवून विचारा, कुठे अडलं. काकी एका वाक्यात सांगतील की वरच्या मजल्यावर दुसरी झाडू-बादली ठेवली असती तर जिन्याच्या फेऱ्या वाचल्या असत्या.

पैसे आधी लाँड्रीवाल्याचे, टँकरवाल्याचे, जादा माणसांचे, पाच तारखेच्या आत. मालकाचा हिशोब दहा तारखेला गेला तरी त्याचं काही अडत नाही. आणि २६ जानेवारी आणि कार्निव्हलच्या तारखांना किमान मुक्काम किती ठेवायचा ते हिशोबाच्या त्याच मेसेजमध्ये विचारून घ्या, म्हणजे उत्तर लेखी मिळेल.